‘सो नेता रण’ ते ‘सोने तारण’: ६३व्या वर्षी शिकलेल्या मोडीचं प्रकरण

आमचा वाडा पाडून इमारत उभी राहिली त्या वर्षी माळ्यावरच्या सामानाची वाटणी झाली आणि शेजारच्या ताईंच्या वाट्याला एक पत्र्याची ट्रंक आली. आत मांजरपाटाच्या रुमालांत बांधलेले कागद. ताईंचे पणजोबा सासवडकडे सावकारी करायचे एवढं घरात सगळ्यांना ऐकून माहीत होतं, पण कागद कुणी वाचले नव्हते, कारण सगळे मोडीत. ताई तेव्हा ६३ वर्षांच्या, बँकेतून निवृत्त. ट्रंक माझ्या पुढच्या खोलीत आणून ठेवली आणि म्हणाल्या, “तुला येतं ना हे? मग मला शिकव. दुसऱ्याकडून वाचून नाही घ्यायचं मला. आमच्या घरातलं आहे ते.”

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. मोडीचा नाद पुढे लागला. प्रात्यक्षिकांच्या वह्या तपासण्यात हयात गेल्यामुळे प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवायची खोड आहे, तशी ताईंच्या शिकण्याचीही वही ठेवली. तारीख, एक ओळ लागायला किती वेळ, कोणती अक्षरं अडली, आदल्या रात्री झोप कशी झाली. हे लिखाण त्या वहीवरून केलंय. ताईंनी ते वाचलंय, दोन ठिकाणी माझी चूक काढलीय, आणि नाव घालायचं नाही या अटीवर होकार दिलाय.

एक गोष्ट आधीच सांगते. ताईंच्या डोक्यात कुणी डोकावलेलं नाही. जिवंत माणसाच्या मेंदूतल्या एकेका पेशीवरचे बारीक काटे (ते काय, हे पुढे येईल) दाखवील असं यंत्र दवाखान्यात नसतं; एमआरआयच्या एका ठिपक्यात हजारो पेशी एकत्र आलेल्या असतात. तेव्हा वेळेचे आकडे ताईंचे, आणि पेशींच्या आत काय घडतं ते उंदीर, माश्या नि समुद्री गोगलगाई यांच्याकडून कळलेलं. सांगड मी घातलीय. कुठे ती घट्ट बसते आणि कुठे ढिली, ते त्या त्या ठिकाणी येईलच.

मे महिन्यातली चूक

मोडी ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडंसं. आधी पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत शिरोरेघ ओढायची, मग दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी अक्षरं तिला लटकवत जायची. बोरू शक्यतो उचलायचा नाही, म्हणून अक्षरं एकमेकांत वळलेली. दोन शब्दांमध्ये जागा नाही. पूर्णविराम, स्वल्पविराम नाहीत. ऱ्हस्व-दीर्घाचा विधिनिषेध नाही. ओळ संपली की शब्द मधेच तुटून खाली उतरतो. ‘ध चा मा’ची गोष्ट पुण्यात शाळकरी पोरालाही ठाऊक असते: १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला, त्याआधीच्या चिठ्ठीत ‘धरावे’चं कुणी ‘मारावे’ केलं म्हणे. इतिहासाचे लोक तिला दंतकथा म्हणतात, पण मोडीच्या वर्गात पहिल्या दिवशी कुणी ना कुणी ती सांगतंच.

ताईंना मी आधी उन्हाळी शिबिरात बसवलं. दहा दिवस, रोज तीन तास. शिबिर माझंच होतं, त्यामुळे दोष द्यायला दुसरं कुणी नाही. दहाव्या दिवशी ताईंनी बाराखडी बिनचूक लिहिली, गिरवून घेतलेला उतारा घडाघडा वाचला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पेढे वाटले. तीन आठवड्यांनी ट्रंकेतला पहिला कागद उघडला तर वीस मिनिटांत चार अक्षरं ओळखली. त्यातलं एक चुकलं. ताईंनी चष्मा काढून ठेवला. “गंजला गं मेंदू. आता नाही व्हायचं.”

मलाही मनातून तेच वाटलं होतं. वय झालं की कठीण जातं, असं आपण इतक्या सहज म्हणतो की तपासून पाहायचं सुचतच नाही. पण त्या रात्री मी शिबिराचं वेळापत्रक काढून बघितलं आणि स्वतःवरच चिडले. जी गोष्ट मी वर्षानुवर्षं वर्गात शिकवली, तिच्याच उलट मी वागले होते.

एरिक कँडेल यांना २००० साली ज्या कामासाठी नोबेल मिळालं ते अ‍ॅप्लिसिया नावाच्या समुद्री गोगलगाईवरचं. तिच्या शेपटीला एक धक्का दिला की काही काळ ती जरा स्पर्श झाला तरी दचकून आकसते. या थोड्या वेळच्या आठवणीसाठी पेशीला नवं काही बांधावं लागत नाही. आहे त्याच सांध्यातून, म्हणजे दोन पेशींच्या जोडणीतून, रसायन जास्त सुटतं, इतकंच. धक्के पुन्हा पुन्हा, मध्ये अंतर ठेवून दिले तर मात्र ती दिवसेंदिवस दचकत राहते. इथे गोष्ट बदलते. पेशीच्या केंद्रकातली काही जनुकं जागी होतात, नवी प्रथिनं तयार होतात आणि नवे सांधे फुटतात. क्रेग बेली आणि मेरी चेन यांनी हे सांधे सूक्ष्मदर्शकाखाली मोजले. शिकलेल्या गोगलगाईंच्या संवेदी पेशींवर ते जवळपास दुप्पट भरले. प्रथिनं बनू न देणारं औषध दिलं, तर थोड्या वेळची आठवण शाबूत राहते आणि लांबची तयारच होत नाही.

म्हणजे दोन वेगळी कामं आहेत. एक म्हणजे घरात आहे त्या खुर्च्या सरकवून पाहुण्यांना बसवणं, दुसरं म्हणजे भिंत बांधणं. आणि भिंतीला पाणी मारायला, सुकायला वेळ लागतो.

फळमाश्यांवरचा टिम टली यांच्या प्रयोगशाळेतला १९९४चा प्रयोग मला फार आवडतो. माश्यांना एका वासाची भीती शिकवायची. एका गटाला दहा पाठ सलग, दुसऱ्याला तेच दहा पाठ पण दोन पाठांमध्ये पंधरा मिनिटं विश्रांती. नव्या प्रथिनांवर उभी राहणारी, आठवडाभर टिकणारी आठवण दुसऱ्याच गटात तयार झाली. उंदरांच्या मेंदूच्या चकत्यांवर २०१२ साली असंच काहीसं दिसलं: पहिल्या उद्दीपनानंतर लगेच दुसरं दिलं तर भर पडत नाही, तासाभराने दिलं तर पहिल्या वेळी मागे राहिलेले सांधेही कामाला लागतात.

माझ्या शिबिरातले तीन तास सलग. मध्ये चहा, तोही खुर्चीतच.

आणखी एक गोष्ट मला उशिरा उमगली. शिबिरात मी सगळ्यांसमोर उभं करून वाचून घ्यायची. ताईंचा आवाज कापायचा. सुमंत्र चटर्जी आणि सहकाऱ्यांनी बंगळूरला उंदरांवर केलेलं काम २००२ साली प्रसिद्ध झालं. रोज दोन तास कोंडून ठेवायचं, असे दहा दिवस. त्या ताणाने हिप्पोकॅम्पसमधल्या, म्हणजे आठवणी घडवणाऱ्या भागातल्या, पेशींच्या फांद्या आखडल्या, आणि भीतीशी नातं असलेल्या अमिग्डालातल्या पेशींच्या फांद्या उलट वाढल्या. माझं शिबिर म्हणजे उंदराचा पिंजरा नव्हे, ही तुलना मी इथेच थांबवते. पण उभं करून वाचून घेणं त्यानंतर बंद केलं.

‘सो नेता रण’

जूनपासून पद्धत बदलली. सकाळी पंचवीस मिनिटं माझ्याकडे, संध्याकाळी दहा मिनिटं त्यांच्या घरी बोरूने तीच ओळ लिहायची. रविवारी सुटी. एका वेळी एकाच कारकुनाच्या हातचे कागद. छापील उतारे बंद, थेट ट्रंकेतलं. पहिल्या आठवड्यात एका ओळीला सरासरी नऊ मिनिटं लागत होती.

जुलैतली एक सकाळ वहीत खूण करून ठेवलीय. पाऊस, दिवे गेलेले, खिडकीशी बसलो होतो. ताईंनी बोट ठेवून अक्षरं सुटी केली: सो. ने. ता. र. ण. मग जोडायला लागल्या. “सो… नेता… रण. नेता रण? कुठली लढाई आहे का गं ही?” मी काही बोलले नाही. त्या पुन्हा वाचायला लागल्या, ओठ हलत होते. मग एकदम थांबल्या. कागद खाली ठेवला आणि इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला.

“अगं बाई! सोने तारण! आयुष्यभर तेच केलं की मी बँकेत!”

त्यापुढे ते पाच अक्षरांचं वेटोळं त्यांना कुठेही दिसायचं. पानाच्या तळाशी, कसरीने खाल्लेल्या कडेला, उलट्या बाजूने उमटलेल्या शाईत. अक्षरं वाचावीच लागत नव्हती, आकार दिसला की शब्द तोंडात. माझ्या अंदाजाने पूर्ण प्रकरणाची किल्ली त्या सकाळीच आहे, म्हणून इथे जरा थांबते.

काटे

१८८८ साली सांतियागो रामोन इ काहाल हा स्पॅनिश शास्त्रज्ञ पक्ष्यांच्या लहान मेंदूचे चांदीने रंगवलेले काप बघत होता. त्याला पेशींच्या फांद्यांवर बारीक बारीक काटे दिसले. बाभळीच्या डहाळीवर असतात तसे, फक्त टोकाला बोंड आलेले. बऱ्याच जणांनी ते रंगाचे डाग म्हणून उडवून लावलं. ते डाग नव्हते. मेंदूच्या सालीतल्या उत्तेजक संदेशांपैकी बहुतेक या काट्यांवरच उतरतात. एक काटा साधारण एक-दोन मायक्रॉन लांब. आपला केस सत्तर-ऐंशी मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा. न्यूरॉन, म्हणजे मेंदूतल्या या पेशी, आपल्याकडे ८६ अब्जांच्या घरात आहेत आणि सालीतल्या बहुतेकांवर असे हजारो काटे.

काट्याच्या बोंडावर दोन तऱ्हेची दारं असतात. पलीकडच्या पेशीने ग्लुटामेट हे निरोपाचं रसायन सोडलं की एक दार, त्याला अ‍ॅम्पा म्हणतात, लगेच उघडतं. दुसरं, एनएमडीए, हट्टी. त्यात मॅग्नेशियमचा बूच बसलेला असतो. ग्लुटामेट आलं तरी बूच निघत नाही. घेणारी पेशी त्याच वेळी आधीपासून चेतलेली असेल तरच तो उडतो. ताईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या पटकन म्हणाल्या, “म्हणजे लॉकर. एक किल्ली बँकेची, एक गिऱ्हाइकाची. एकटीने कुणाचंच उघडत नाही.” पुस्तकांत इतकी सोपी उपमा मला सापडली नव्हती.

दोन्ही किल्ल्या लागल्या की कॅल्शियम आत येतं, आणि मग बांधकाम. काट्याच्या आत अ‍ॅक्टिन नावाच्या प्रथिनाचे धागे असतात, मांडवाच्या बांबूंसारखे. ते नव्याने रचले जातात, बोंड फुगतं, अ‍ॅम्पाची जास्त दारं बसवली जातात. पुढच्या वेळी तोच निरोप आला की जोरात ऐकू येतो. जपानमध्ये २००४ साली एकाच काट्यावर नेमका ग्लुटामेट सोडून हे बघितलं गेलं: तोच काटा मिनिटांत फुगला, शेजारचे होते तसेच राहिले. सांधा असा दीर्घकाळ बळकट होतो हे ब्लिस आणि लोमो यांनी सशाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये दाखवलं ते १९७३ साली. ‘ध चा मा’ला तेव्हा बरोबर दोनशे वर्षं झाली होती, योगायोगाला अर्थ नसतो, पण वर्ष लक्षात राहायला मदत होते.

आता ती जुलैची सकाळ. कागदावरचा आकार डोळ्यांतून येत होता. ‘सोने तारण’ हा अर्थ ताईंच्या डोक्यात कित्येक वर्षांचा, पक्क्या वाटांनी जोडलेला. ‘नेता रण’ वाचताना पहिली किल्ली फिरत होती, दुसरी नव्हती. हसू फुटलं त्या क्षणी दोन्ही एकदम फिरल्या असणार. हे माझं अनुमान आहे, मोजमाप नव्हे. पण शब्दांची यादी पाठ करण्यापेक्षा ओळखीचा अर्थ अचानक भेटणं इतकं का चिकटतं, याचं पेशीच्या पातळीवर याहून बरं स्पष्टीकरण मला तरी माहीत नाही.

नवे काटे किती लवकर फुटतात? २००९ साली एका प्रयोगात उंदरांना फटीतून पंजा घालून दाणा उचलायला शिकवलं. त्या पंजाशी संबंधित कॉर्टेक्समध्ये, म्हणजे मेंदूच्या सालीत, तासाभरात नवे काटे दिसले. पुढच्या दिवसांत सराव चालू ठेवला तसे त्यांतले काही पक्के झाले, आणि जुने काही गळाले. एकूण संख्या हळूहळू पूर्वपदावर. म्हणजे शिकणं ही नुसती भर नसते, छाटणीही असते. त्याच वर्षी न्यूयॉर्कमधल्या दुसऱ्या गटाला दिसलं की नव्या काट्यांपैकी अगदी मूठभर टिकतात, पण जे टिकतात ते उंदराला जन्मभर पुरतात.

मे महिन्यात ताईंच्याही डोक्यात काटे फुटले असतील. त्यांना पाणीच मिळालं नाही.

गणपतीतले दहा दिवस

ऑगस्टअखेर ओळ तीन मिनिटांवर आली होती. मग आमच्या भागात ढोलपथकांचे सराव, पाठोपाठ गणपती. रात्री बारा-एकशिवाय झोप नाही, विसर्जनाची रात्र तर अख्खी जागून. सकाळची पंचवीस मिनिटं मात्र ताईंनी एक दिवसही चुकवली नाहीत. वहीत त्या काळात वेळ तीन मिनिटांच्या खाली उतरलेला नाही, दोन दिवस तर चारच्या वर गेलाय. उत्सव संपल्यावर पुढच्याच आठवड्यात ओळ दोन मिनिटांवर आली.

एका बाईच्या दहा दिवसांवरून कुणी सिद्धांत मांडू नये. पण २०१४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेला उंदरांवरचा प्रयोग याच्याशी जुळतो. फिरत्या दांड्यावर तोल सांभाळायला शिकल्यानंतर उंदरांना झोपू दिलं तर ठरावीक फांद्यांवर नवे काटे जास्त फुटतात. जागं ठेवलं तर कमी, आणि ही तूट नंतर जादा सरावाने भरून निघत नाही. ताईंनी हे ऐकून आपल्या दुपारच्या झोपेला शास्त्राधार मिळाल्याचं सोसायटीत जाहीर केलं. पुण्यात असल्या आधाराची गरज कुणाला होती, कोण जाणे.

ऑक्टोबरअखेर त्याच कारकुनाची ओळ पन्नास सेकंदांत.

अकरा आठवडे

नोव्हेंबरात ताई मुलीच्या बाळंतपणाला बंगळूरला गेल्या. कागद न्यायचे नाहीत असं त्यांनीच ठरवलं, आणि न्यायला वेळ तरी कुठे होता. अकरा आठवडे मोडीचं एक अक्षर पाहिलं नाही, रात्रीची सलग झोप तर नाहीच. जानेवारीच्या शेवटी परत आल्या त्या पडलेल्या चेहऱ्याने. “सगळं गेलं गं. विमानात डोळ्यांसमोर ‘क’ आणायला गेले तर येईना.”

पहिल्या दिवशी ओळीला चार मिनिटं. पन्नास सेकंदांवरून चार मिनिटं म्हणजे गेलंच की, असं कुणीही म्हणेल. मी पुढची पानं कोरी सोडून थांबले. नवव्या दिवशी ओळ पन्नास सेकंदांत. जूनमध्ये नऊ मिनिटांपासून तिथे पोहोचायला साडेचार महिने लागले होते.

पुन्हा शिकताना वाचणारा वेळ हेच विसरण्याचं खरं माप, ही कल्पना जुनी आहे; एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःलाच निरर्थक अक्षरं पाठ करायला लावून ती मांडली. पेशीत ती दिसली मात्र फार नंतर. म्युनिकजवळच्या माक्स प्लांक संस्थेत उंदराचा एक डोळा काही दिवस झाकला. मेंदू उघड्या डोळ्याकडे झुकला आणि दृष्टीच्या कॉर्टेक्समध्ये नवे काटे उगवले. डोळा उघडल्यावर कारभार पूर्ववत झाला, वरून बघणाऱ्याला काहीच उरलं नाही असं वाटावं. काटे मात्र गेले नाहीत. पुढे तोच डोळा पुन्हा झाकला तेव्हा मेंदू पहिल्यापेक्षा लवकर झुकला, आणि या वेळी नवे काटे फुटलेही नाहीत. गरजच नव्हती. हा शोधनिबंध २००९चा.

ताईंच्या जानेवारीच्या आकड्यांना मी तो लावून पाहते तेव्हा दोन्ही एकमेकांत सरळ बसतात. वाट मोडली नव्हती, गवत उगवलं होतं.

कुणी विचारेल, काटा म्हणजे आठवण, की आठवणीची नुसती खूण? टोकियोतल्या संशोधकांनी २०१५ साली याचा जवळजवळ निकाल लावला. शिकताना जे काटे फुगले, नेमके तेच निळ्या प्रकाशाने आकसतील अशी प्रथिनाची युक्ती त्यांनी केली. प्रकाश टाकला आणि उंदीर दांड्यावरचा तोल विसरले. दुसऱ्या कसबाच्या वेळी फुगलेले काटे आटवले, तर या कसबाला धक्का लागला नाही.

परतल्यानंतरच्या पहिल्या सकाळची आणखी एक नोंद आहे. वाचताना ‘क’ आठवेना, पण बोरू हातात दिला तर ताईंनी शिरोरेघ एका दमात ओढली आणि ‘श्री’ काढली, झोकदार. स्वतःच्या हाताकडे त्या परक्यासारख्या बघत राहिल्या. अमेरिकेत हेन्री मोलेसन या तरुणावर १९५३ साली फेफऱ्यासाठी शस्त्रक्रिया झाली, दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा बराच भाग काढला गेला आणि त्यानंतर नवी आठवण त्याला बनवता येईना. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला दिली. तीन दिवसांत त्याचा हात सफाईदार झाला. दर वेळी तो म्हणे, हे मी आयुष्यात पहिल्यांदा करतोय. हाताची विद्या वेगळ्या कोठारात साठते, हे त्यावरून कळलं. म्हणून संध्याकाळची दहा मिनिटं मी कुणालाच माफ करत नाही.

वयाचं काय

‘मेंदू गंजला’ याला उत्तर देणं बाकी आहे. कोलंबियातले माजी बंडखोर शस्त्रं ठेवून प्रौढपणी लिहा-वाचायला शिकले. निरक्षर राहिलेल्यांशी त्यांच्या मेंदूची तुलना केली तेव्हा काही भागांत करडा थर अधिक दाट निघाला, आणि दोन अर्धगोलांना जोडणाऱ्या पट्ट्याच्या मागच्या भागात पांढरा थरही. हे २००९चं ‘नेचर’. आपल्या जवळचं उदाहरण उत्तर प्रदेशातलं: खेड्यातल्या, तिशीच्या आसपासच्या निरक्षर बायकांना सहा महिने देवनागरी शिकवली. दृष्टीच्या कॉर्टेक्सचा मेंदूच्या खोल, जुन्या भागांशी असलेला ताळमेळ बदलला; २०१७ साली ते प्रसिद्ध झालं. त्यात मोजला होता तो ताळमेळ, पेशींचा आकार नव्हे. आणि तिशी म्हणजे त्रेसष्टी नव्हे, हेही खरं. ताईंना नऊ मिनिटांवरून पन्नास सेकंदांवर यायला जो वेळ लागला तो माझ्या वर्गातल्या विशीतल्या मुलाला निम्मा लागला. गंजणं आणि सावकाश होणं यात मात्र फरक आहे, आणि तो ताईंच्या वहीत स्पष्ट दिसतो.

दुसरा कारकून

फेब्रुवारीत मी मुद्दाम दुसऱ्या रुमालातले कागद काढले. तीच पेढी, तोच काळ, हात वेगळा. ताई आत्मविश्वासाने बसल्या आणि पहिल्याच ओळीला तीन मिनिटं लागली. त्या रागावल्या, माझ्यावरच. “इतके महिने मग काय शिकले मी?”

त्या शिकल्या होत्या तो पहिल्या कारकुनाचा हात. वर सांगितलेल्या २०१४च्या प्रयोगात आणखी एक गंमत होती: दांड्यावर पुढे धावायला शिकलेल्या उंदराला मागे धावायला शिकवलं की नवे काटे त्याच पेशीच्या वेगळ्या फांदीवर फुटतात. एका झाडाला दोन विद्या, फांद्या निराळ्या, म्हणून एकीने दुसरी पुसली जात नाही. पण दुसरी फांदी आपोआप बहरतही नाही. सरकारी दप्तरात आयुष्य काढलेले जुने वाचक कुठलाही कागद सहज वाचतात, ते एक लिपी येते म्हणून नव्हे. शेकडो हात त्यांनी एकेक करून ओळखीचे केलेले असतात.

दुसरा हात ताईंना पाच आठवड्यांत लागला. मार्चअखेर त्यांनी पहिल्या रुमालाचं माझं लिप्यंतर तपासायला मागून नेलं. मी ते आधीच्या वर्षी घाईत केलेलं, चार-पाच ठिकाणी पेन्सिलीने प्रश्नचिन्हं. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठलाच दार वाजलं. ताईंच्या एका हातात मूळ कागद, दुसऱ्यात माझी वही.

“हे तू काय लिहिलंयस? ‘बदल व्याज मान्य दोन मण’?”

“तिथे कसर लागलीय ताई. अर्थ लागत नव्हता, म्हणून प्रश्नचिन्ह केलं.”

“मान्य नाही गं, धान्य. व्याजाच्या बदली दोन मण धान्य. हा बाबा ‘ध’ असाच काढतो, पोट खाली ओढून. तिसऱ्या कागदावर बघ, सातवी ओळ.”

तिसरा कागद काढला. सातव्या ओळीत पोट खाली ओढलेला ‘ध’ होता. मी खोडरबर शोधायला आत गेले, तोवर ताईंनी त्यांच्या निळ्या पेनने माझ्या वहीत ‘मा’ खोडून वर ‘धा’ लिहूनही टाकला होता.